न्यायमूर्ती जोनाथन जास्पर राइट

आमची सारी उमेद मुलांच्या परीक्षा घेण्यात गेली. नापास झालेली मुले आम्ही पुष्कळ पाहिली, त्यांच्या वडीलधाऱ्यांची समजूत घातली, आणि क्वचित् प्रसंगी आमचेच गुण देणे चुकले असे रात्री अंथरुणावर पडल्यावर ध्यानात येऊन दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांपुढे ते कबूलही केले. नापास होण्याचे दुःख खरेच आहे. परंतु त्याहून निराळ्या जातीचे एक दुःख आहे. विद्यार्थी वर्षानुवर्षे अभ्यास करून, धुतलेला सदरा अंगात घालून परीक्षेच्या दाराशी येऊन उभा राहतो, आणि परीक्षक त्यास सांगतात की, तुझी परीक्षा आम्ही घेणारच नाही. उत्तरे चुकली असे नव्हे. प्रश्नच विचारावयाचे नाहीत! अशा एका विद्यार्थ्याचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. हा विद्यार्थी पुढे न्यायाधीश झाला. अमेरिकेतील कोणत्याही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बसलेला पहिला कृष्णवर्णीय गृहस्थ तो हाच.

येथे वाचकांच्या सोयीसाठी एक खुलासा केला पाहिजे. अमेरिकेच्या घटक राज्यांस आमच्या जुन्या क्रमिक पुस्तकांत 'संस्थाने' म्हणत असत. यांपैकी प्रत्येक राज्याची राज्यघटना स्वतंत्र, विधिमंडळ स्वतंत्र, आणि न्यायालयांची उतरंडही स्वतंत्र असते. या उतरंडीच्या माथ्यावर त्या त्या राज्याचे सर्वोच्च न्यायालय असते. वॉशिंग्टन येथील संघराज्याचे सर्वोच्च न्यायालय ते निराळे. आपल्याकडील उच्च न्यायालयाशी या राज्यस्तरीय न्यायालयाची तुलना केली तर फारसे चुकणार नाही. मात्र एक भेद मोठा आहे: तिकडे पुष्कळ राज्यांत न्यायाधीश नेमले जात नाहीत, निवडले जातात. कोठे ते लोक निवडतात, कोठे विधिमंडळ. दक्षिण कॅरोलिना या राज्यात १८६८ च्या घटनेने हा अधिकार विधिमंडळास दिला, आणि आजही तो त्याच्याकडेच आहे. ज्याच्या मताने खुर्ची मिळते त्याच्याच मताने ती जाऊही शकते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होईल.

जोनाथन राइट यांचा जन्म १८४० साली पेन्सिल्वानिया राज्यात झाला. हे राज्य उत्तरेकडील असल्यामुळे तेथे गुलामगिरी जवळजवळ उरलेली नव्हती व राइट हे जन्मतः स्वतंत्र होते. परंतु स्वतंत्र असणे व समान असणे यांत अंतर असते. ते लहान असतानाच कुटुंब त्याच राज्यातील सस्क्वेहाना परगण्यात राहावयास गेले. तेथे आसपासच्या शेतकऱ्यांकडे मोलमजुरी करावी, हिवाळ्यात शाळेत जावे आणि चार पैसे गाठीस बांधावे, असा या मुलाचा क्रम असे. त्या पैशांवर पुढे त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील इथाका गावी जाऊन विद्यालयीन शिक्षण घेतले. नंतर मॉन्ट्रोज या तालुक्याच्या गावी एका वकिलांच्या कचेरीत राहून कायद्याचे ग्रंथ वाचण्यास आरंभ केला. त्या काळी तिकडे वकील होण्याची रीत गुरुगृही राहून शास्त्र शिकण्यासारखीच होती. वकिलाच्या कचेरीत बसावे, त्याचे कागद उतरून घ्यावे, फावल्या वेळी ग्रंथ वाचावे, आणि तयारी झाली म्हणजे वकीलमंडळींच्या समितीपुढे तोंडी परीक्षा द्यावी. हा अभ्यास चालू असता उदरनिर्वाहासाठी राइट शाळेत शिकवीत असत. हा आमच्याच पेशाचा मनुष्य होता हे वाचून आम्हांस किती आनंद झाला हे सांगावयास नको.

तयारी झाली, आणि राइट परीक्षेसाठी उभे राहिले. समितीने त्यांची परीक्षा घेण्याचे साफ नाकारले. कारण कातडीचा रंग. वर सांगितलेला प्रसंग तो हाच.

या वेळी देशात यादवी युद्ध चालू होते. गुलामगिरी टिकविण्यासाठी संघराज्यातून प्रथम फुटून निघालेले राज्य म्हणजे हेच दक्षिण कॅरोलिना. १८६० च्या डिसेंबरात त्याने फारकतीचा ठराव केला, आणि पुढच्या एप्रिलात युद्धाचा पहिला गोळा सुटला तोही त्याच राज्यातील चार्ल्स्टनच्या बंदरात. १८६० च्या खानेसुमारीप्रमाणे तेथील सुमारे सात लक्ष वस्तीपैकी चार लक्षांहून अधिक माणसे गुलाम होती. म्हणजे दर शंभरांत सत्तावन्न! गुलामास लिहिणेवाचणे शिकविणे हा तेथे १८३४ च्या कायद्याने गुन्हा ठरविलेला होता. शिकविणाऱ्यास शिक्षा. आमच्यासारख्यास हे वाचून क्षणभर पुस्तक मिटावेसे वाटते.

युद्धाच्या पहिल्याच वर्षी उत्तरेच्या आरमाराने दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरील पोर्ट रॉयल व ब्यूफर्ट हा टापू काबीज केला. मळेवाले गोरे जमीनदार घरेदारे टाकून पळाले व मागे हजारो गुलाम राहिले. एका रात्रीत त्यांचा धनी नाहीसा झाला. या लोकांस अक्षरओळख करून देण्यासाठी उत्तरेतून शिक्षक जाऊ लागले. १८६५ च्या वसंत ऋतूत अमेरिकन मिशनरी असोसिएशन या संस्थेने राइट यांसही तेथे पाठविले. वर्गात सात वर्षांचे मूल, त्याची आई आणि पलटणीतील शिपाई असे सगळे एकाच बाकावर! दिवसभर शेतात राबून आलेली माणसे संध्याकाळी दिव्याच्या उजेडात मुळाक्षरे गिरवीत. शिपायांस राइट अक्षरे शिकवीत, आणि त्यासोबतच त्यांचे नवे हक्क कोणते तेही समजावून देत. करारावर अंगठा उठविण्यापूर्वी तो वाचून घ्यावा, मजुरीचा हिशेब मागावा, अशा साध्या गोष्टी कालपर्यंत स्वतःच विक्रीची वस्तू असलेल्या मनुष्यास कोणीतरी सांगावयास पाहिजेतच.

१८६६ साली काँग्रेसने नागरिकत्वाच्या हक्कांचा कायदा केला. तो झाल्यावर राइट मॉन्ट्रोजला परतले व त्याच दाराशी पुन्हा उभे राहिले. या खेपेस परीक्षा घ्यावी लागली. १८६६ च्या ऑगस्टात त्यांस वकिलीची सनद मिळाली. पेन्सिल्वानियात सनद मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय वकील होत. जो विद्यार्थी काही काळापूर्वी परीक्षेसही योग्य नव्हता तो आता उत्तीर्ण कसा झाला? ज्ञान तेच होते, ग्रंथ तेच होते. कायदा तेवढा बदलला होता. नुसत्या कायद्याने काय होते, असे विचारणारी मंडळी आपल्या घरातही असतात. त्यांनी या प्रश्नाचा जरा विचार करावा.

सनद हाती आल्यावर उत्तरेत राहून पैसा मिळविण्याचा मार्ग राइट यांस मोकळा होता. तो त्यांनी धरला नाही. मुक्त झालेल्या गुलामांच्या व्यवस्थेसाठी सरकारने एक खाते काढले होते. त्या खात्यातर्फे ब्यूफर्ट येथे मुक्तजनांचे कायदेशीर सल्लागार म्हणून ते परत गेले. मजुरीचे तंटे, जमिनीचे वाद, जुन्या धन्याने अडकवून ठेवलेली मुले, अशा भानगडी ते तेथे दोन वर्षे निस्तरीत होते.

१८६८ च्या जानेवारीत चार्ल्स्टन येथे दक्षिण कॅरोलिनाची नवी घटना तयार करण्यासाठी परिषद भरली. तीत कृष्णवर्णीय प्रतिनिधींचे बहुमत होते. त्या देशाच्या इतिहासात ही गोष्ट अपूर्वच म्हणावयाची. राइट त्या परिषदेचे एक उपाध्यक्ष होते. कालचे गुलाम आणि त्यांचे कैवारी राज्याची घटना लिहीत आहेत, हे पाहून जुन्या धन्यांच्या वृत्तपत्रांनी यथेच्छ टवाळी केली. पण त्या घटनेत काय होते ते पाहावे. मतदानासाठी मालमत्तेची अट काढून टाकली. कर्जापायी कैद बंद केली. विवाहित स्त्रीची मालमत्ता नवऱ्याच्या कर्जापासून सुरक्षित केली. आणि सर्व मुलांसाठी, गोऱ्यांच्या व काळ्यांच्याही, सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांची तरतूद केली. या राज्यात सार्वत्रिक मोफत शिक्षणाचा पाया या 'अडाण्यांनी' घातला. गोऱ्या गरिबांची मुलेही त्यामुळेच शाळेत गेली.

त्याच वर्षी राइट राज्याच्या वरिष्ठ सभागृहात निवडून आले. पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील एक जागा मुदतीपूर्वी रिकामी झाली, आणि १ फेब्रुवारी १८७० रोजी विधिमंडळाने त्या जागेवर राइट यांची निवड केली. त्या वेळी त्यांस तिशी पुरी व्हावयाची होती. त्याच वर्षाच्या अखेरीस सहा वर्षांच्या पूर्ण मुदतीसाठी ते पुन्हा निवडले गेले.

आमच्या वाचकांस मुंबईची आठवण होणे साहजिक आहे. आमच्या उच्च न्यायालयात नानाभाई हरिदास यांनी याच दशकात हंगामी न्यायाधीश म्हणून काम केले व कायम जागा मिळण्यास त्यांस १८८४ सालापर्यंत थांबावे लागले. तेलंग आणि रानडे हे त्यानंतरचे. तेव्हा १८७० साली एक मजूर-शिक्षक राज्याच्या सर्वोच्च न्यायासनावर बसला, ही घटना जगाच्या कोणत्याही भागात लहान मानली गेली नसती.

न्यायालय तिघांचे होते. मुख्य न्यायाधीश फ्रँकलिन मोझेस हे त्याच राज्यातील जुने, वयोवृद्ध कायदेपंडित. दुसरे एमिएल विलर्ड हे न्यूयॉर्ककडून आलेले, आणि तिसरे राइट. सात वर्षांत न्यायालयाने चारशेंवर निकाल दिले. त्यांपैकी सुमारे नव्वद निकालपत्रे राइट यांच्या हातची आहेत. ती वाचणाऱ्या अभ्यासकांचा अभिप्राय असा की, त्यांत पांडित्याचा डौल नाही, राजकीय आवेश नाही, आणि सहकाऱ्यांशी मतभेदाचे प्रसंगही थोडे. प्रश्न काय, पुरावा काय, पूर्वीचे निकाल काय, असा सरळ क्रम. बहुतेक वाद कर्जाचे, वारशाचे, जमिनीच्या मालकीचे, मृत्युपत्रांचे. युद्धानंतरच्या दक्षिणेत अशा वादांना तोटा नव्हता. फुटीर सरकारचे चलन कवडीमोलाचे झाले होते. त्या चलनात घेतलेले कर्ज आता कोणत्या नाण्यात फेडावयाचे? युद्धापूर्वी गुलाम खरेदी करताना लिहून दिलेल्या खताचे पैसे अजून देणे आहेत काय? विकलेला मनुष्य मोकळा झाला, पण त्याची किंमत थकलेलीच! ही कल्पित गोष्ट नव्हे. अर्कान्सास राज्यातील अशा एका वादात संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७२ साली ठरविले की, असा करार केला तेव्हा तो कायदेशीर होता, सबब पैसे दिले पाहिजेत. असल्या प्रश्नांनी भरलेल्या दक्षिणेत राइट यांस न्यायासनावर बसावयाचे होते. आणि त्यांच्या समोर बसणारे बहुतेक वकील कालपरवापर्यंत गुलामांचे धनी होते.

एकदा राइट आगगाडीच्या पहिल्या वर्गाच्या डब्यात बसले असता त्यांस तेथून घालवून देण्यात आले. त्यांनी कंपनीवर फिर्याद केली आणि नुकसानभरपाई मिळविली.

ते न्यायासनावर असतानाच, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. गुलामांस दास्यमुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस जोतीरावांनी ते अर्पण केले आहे. ही अर्पणपत्रिका आमच्या घरात आम्ही लहान असताना कोणी वाचून दाखविली नाही. पुस्तकच घरात नव्हते. पुढे ते आम्ही स्वतः मिळवून वाचले. त्यातील सारी मते आम्हांस पटली असे नाही. पण अर्पणपत्रिका वाचल्यावर आमचे तीर्थरूप सांगत असत ती एक हकीकत आठवली. ते ज्या खेडेगावच्या शाळेत शिकले तेथे एक मुलगा बाहेर पडवीत बसून शिके. मास्तर त्याची पाटी लांबूनच पाहात. इन्स्पेक्टर साहेब आले म्हणजे आतल्या मुलांची परीक्षा होई आणि वेळ उरला तर बाहेरच्याची. एकदा वेळ उरला नाही. तीर्थरूप सांगत की, तो मुलगा हिशेबात त्यांच्याहून हुशार होता. त्याचे पुढे काय झाले हे त्यांस ठाऊक नव्हते. ही गोष्ट ते हसत सांगत नसत, आणि ती संपली म्हणजे थोडा वेळ घरात कोणी बोलत नसे.

असो. आता राइट यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड भागाकडे वळले पाहिजे. येथे चरित्रकार गडबडतो. कारण येथे नायकाची बाजू घ्यावी तर सत्य आड येते आणि टाकावी तर न्याय आड येतो.

१८७६ च्या निवडणुकीत राज्यपालपदासाठी दोन उमेदवार होते. डॅनियल चेंबरलेन हे रिपब्लिकन पक्षाचे, आणि वेड हॅम्प्टन हे डेमोक्रॅटिक पक्षाचे. हॅम्प्टन हे पूर्वीचे मोठे मळेवाले व फुटीर सैन्यातील सेनापती. काळ्या मतदारांना धाक घालण्यासाठी लाल डगले घातलेल्या गोऱ्या घोडेस्वारांच्या टोळ्या गावोगाव फिरत होत्या. जुलै महिन्यात हॅम्बर्ग या गावी कृष्णवर्णीय नागरी शिपायांस पकडून त्यांतील कित्येकांस गोळ्या घालण्यात आल्या. एजफील्ड परगण्यात तर मतदारांच्या संख्येपेक्षा मतांची संख्या अधिक भरली! निकालानंतर दोघांनीही आपण राज्यपाल झालो असे जाहीर केले. दोन राज्यपाल, दोन सभागृहे. चेंबरलेन यांच्या पाठीशी राजभवनात संघराज्याचे सैनिक, आणि हॅम्प्टन यांच्या पाठीशी कर भरणारे धनिक व बाहेरचा जमाव. सिंहासन एक आणि छत्रे दोन अशी अवस्था कोलंबिया या राजधानीत चार महिने होती.

मुख्य न्यायाधीश मोझेस अंथरुणास खिळले व मार्च महिन्यात निवर्तले. न्यायालयात उरले दोघेच, विलर्ड आणि राइट. अशा वेळी टिल्डा नॉरिस या नावाच्या एका कैद्याचे प्रकरण त्यांच्यापुढे आले. हॅम्प्टन यांनी राज्यपाल या नात्याने नॉरिस यास माफी दिली. तुरुंगाधिकाऱ्याने ती मानली नाही. म्हणजे प्रश्न कैद्याचा, पण त्याच्या आड खरा प्रश्न असा की, राज्याचा धनी कोण? २७ फेब्रुवारी १८७७ रोजी दोन्ही न्यायाधीशांनी सुटकेच्या हुकमावर सह्या केल्या. याचा अर्थ हॅम्प्टन हेच कायदेशीर राज्यपाल. हुकूम जाहीर व्हावयाचा होता तो दोनतीन दिवसांनी. या मधल्या अवधीत, १ मार्च रोजी, राइट यांनी न्यायालयाच्या कारकुनाकडे लेख पाठविला की, आपण आपली सही परत घेत आहो. आपल्या मते चेंबरलेन हेच राज्यपाल होत.

न्यायाधीशाने सही करावी आणि दोन दिवसांनी ती पुसावी! हॅम्प्टन यांचे लोक म्हणू लागले की, राइट यांस त्यांच्या पक्षाने धमकावले. काहींनी त्यांच्या मद्यपानाची कुजबुज सुरू केली. पहिली सही तरी कोणत्या दाबाखाली झाली, हे विचारण्याची तसदी मात्र त्या मंडळींपैकी कोणी घेतली नाही. पहिलाच हुकूम न्यायालयाचा हुकूम म्हणून टिकला.

आपल्याकडे न्यायाधीश म्हटला की रामशास्त्री प्रभुणे डोळ्यांपुढे उभे राहतात. राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगून पुण्याबाहेर पडलेला तो पुरुष डगमगला नाही. या मापाने राइट उणे पडतात, हे आम्ही मान्य करतो. परंतु शास्त्रीबुवांचा निःस्पृहपणा ज्या समाजापुढे प्रकट झाला त्या समाजात त्यांच्या पदाचा, विद्येचा व जातीचा मान पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला होता. राइट यांच्या पाठीमागे तसे काही नव्हते. पुढे लाल डगलेवाले. पाठीमागे आपले चार लक्ष लोक, ज्यांचे मत, ज्यांच्या शाळा, ज्यांची मजुरी त्या एका सहीवर लोंबकळत होती. आणि शेजारी सल्ला देण्यास एकच सहकारी, तोही दुसऱ्या मताचा. 'मृच्छकटिका'च्या नवव्या अंकात न्यायाधिकारी आपल्या धंद्याचे रडगाणे गातो, ते आम्ही मुलांस शिकविताना सहज म्हणून पुढे जात असू: न्यायाधीशास दोष चटकन चिकटतो आणि यश दुरूनच जाते. राइट यांचे चरित्र वाचल्यावर तो अंक आम्ही पुन्हा काढून वाचला.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर दुसरी सही चुकीची नव्हती, पहिली चुकीची होती. मतमोजणीच जेथे संशयित तेथे एका माफीपत्राच्या निमित्ताने राज्याचा धनी ठरवावयास नको होता. पण चूक सुधारण्यात न्यायाधीशाची प्रतिष्ठा जाते, आणि न सुधारण्यात न्याय जातो. शाळेत एकदा दिलेले गुण बदलताना आमचाही हात थरथरला आहे. तेथे पणास लागले होते ते एका मुलाचे वर्ष.

आणि दैवाचा खेळ पाहा. इकडे राइट १ मार्च रोजी सही मागे घेत होते, आणि त्याच रात्री वॉशिंग्टनमध्ये हेझ हे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्याचे ठरत होते. हेझ हे राइट यांच्याच पक्षाचे. पण दक्षिणेतून सैन्याचा पाठिंबा काढून घेतला जाईल अशा समजुतीवर ती तडजोड झाली होती. १० एप्रिल १८७७ रोजी कोलंबियाच्या राजभवनातून सैनिक निघून गेले. दुसऱ्या दिवशी चेंबरलेन यांनी कचेरी सोडली. राइट यांची सही असती तरी आणि नसती तरी निकाल हाच लागणार होता.

नव्या विधिमंडळाने राइट यांच्यावर महाभियोगाची तयारी केली. आरोप मद्यपानाचा. हा आरोप त्यांनी नाकारला. पण त्याची सुनावणी झालीच नाही. निवडणारे तेच, आरोप करणारे तेच, आणि न्याय देणारेही तेच! १८७७ च्या ऑगस्टात राइट यांनी राजीनामा लिहून दिला व तो १ डिसेंबरपासून अमलात आला. पुन्हा एकदा परीक्षा न होताच ते दाराबाहेर आले.

त्या वेळी त्यांचे वय सदतीस होते. पुढील आठ वर्षांविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे. चार्ल्स्टनमध्ये त्यांनी वकिली केली; ती फारशी चालली नाही. लग्न त्यांनी केलेले नव्हते. परंतु एक काम ते पुन्हा करू लागले. ऑरेंजबर्ग येथील क्लॅफ्लिन कॉलेजने कृष्णवर्णीय तरुणांसाठी कायद्याचे शिक्षण सुरू केले, आणि राइट आपल्या चार्ल्स्टनच्या कचेरीतच विद्यार्थी घेऊन बसू लागले. ब्यूफर्टचा पंतोजी वीस वर्षांत फिरून पंतोजीच झाला. त्यांचे काही विद्यार्थी वकिलीच्या परीक्षेस बसले व उत्तीर्णही झाले. १८८५ च्या फेब्रुवारीत क्षयाने त्यांचा अंत झाला. वय पंचेचाळीस.

त्यानंतर दार लागले ते लागलेच. १८९५ च्या नव्या घटनेने दक्षिण कॅरोलिनात काळ्यांचा मताधिकार जवळजवळ नाहीसा केला. बुकर वॉशिंग्टन यांचे आत्मचरित्र आपल्याकडे 'आत्मोद्धार' या नावाने घरोघर वाचले गेले, परंतु त्याच काळातील राइट यांचे नाव त्यांच्या स्वतःच्या राज्यातही फारसे कोणी घेत नसे. १९३३ साली एका इतिहासविषयक त्रैमासिकात त्यांच्यावर सविस्तर लेख आला, तेव्हा अभ्यासकांचे लक्ष थोडेसे वळले. कोणत्याही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात यानंतरचा कृष्णवर्णीय न्यायाधीश मिशिगन राज्यात १९६१ साली बसला. खुद्द दक्षिण कॅरोलिनास १९८५ सालापर्यंत वाट पाहावी लागली: एकशे आठ वर्षे.

त्या वर्षी निवडले गेलेले गृहस्थ अर्नेस्ट फिनी. हे त्याच क्लॅफ्लिन कॉलेजचे पदवीधर. १९५४ साली त्यांनी कायद्याचे शिक्षण पुरे केले, पण वकिलीत पोट भरेना म्हणून काही काळ शाळेत शिकविले आणि हॉटेलात वाढप्याचेही काम केले. राज्यातील वकीलमंडळाचे अधिवेशन समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात भरले होते. काळ्या वकिलांस त्यात प्रवेश नव्हता. फिनी सनद असूनही तेथे हातात तबक घेऊन मंडळींस जेवण वाढीत होते. पुढे १९६१ साली, गोऱ्यांच्या उपाहारगृहातील बाकावर बसले म्हणून तुरुंगात गेलेल्या विद्यार्थ्यांचे वकीलपत्र त्यांनी घेतले. त्या विद्यार्थ्यांच्या शिक्षा न्यायालयाने २०१५ साली रद्द केल्या तेव्हाही वयाची ऐंशी ओलांडलेले फिनी त्यांच्या बाजूने उभे होते. १९९४ पासून २००० पर्यंत ते राज्याचे मुख्य न्यायाधीश होते. २०१७ च्या डिसेंबरात त्यांचा अंत झाला.

१९९७ साली, फिनी मुख्य न्यायाधीश असताना, दक्षिण कॅरोलिनाच्या सर्वोच्च न्यायालयात जोनाथन जास्पर राइट यांचे तैलचित्र लावण्यात आले. चार्ल्स्टनच्या कॅल्व्हरी चर्चच्या स्मशानभूमीतील त्यांच्या थडग्यावर शंभरांहून अधिक वर्षे नावाचा दगडही नव्हता. तोही त्याच वर्षी बसविण्यात आला.